दोन्ही बटणं निळ्यावर

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात घरी मेथी निवडत बसलो होतो. फोन माझ्या भाच्याचा, म्हणजे दाजींच्या मुलाचा, सुदर्शनचा होता. तो पुण्याहून सांगलीला निघालाही होता. "मामा, अण्णा गेले. हायवेला येऊन थांबा, मी येतोय," एवढंच तो बोलला. मी निवडलेली मेथी एका बाजूला आणि काड्या दुसऱ्या बाजूला नीट ठेवल्या, हात धुतले, मफलर गुंडाळला आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. माणूस गेल्याचं कळल्यावर आपण काय काय करतो ते नंतर आठवलं की चमत्कारिक वाटतं. सांगलीपर्यंत आम्ही दोघं जेमतेम तीन-चार वाक्यं बोललो असू. त्यातलं एक, पाणी हवंय का, हे होतं.

सकाळी देवळातून येऊन दाजी पायरीवर पेपर वाचत बसले होते. अक्का चहा घेऊन बाहेर आली तेव्हा पेपर मांडीवर होता आणि मान भिंतीला टेकलेली. आजार नाही, दवाखाना नाही. जमलेली माणसं 'भाग्याचं मरण' म्हणत होती. त्यावर काय बोलायचं असतं ते मला आजवर कळलेलं नाही, म्हणून मी अंगणात जाऊन उभा राहिलो. तिथे त्यांची गाडी होती. वरचं कापडी झाकण निम्मं काढून टपावर गुंडाळून ठेवलेलं... म्हणजे त्या दिवशी कुठेतरी जायचा बेत होता. कुठे, ते अक्कालाही माहीत नव्हतं. आता या गोष्टीला काही आठवडे झालेत. दाजींबद्दल लिहायला बसलो की लिहिणं फिरून फिरून त्या गाडीपाशीच येतं, तेव्हा गाडीबद्दलच लिहितो.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण राजमती, आणि दाजी म्हणजे तिचे यजमान भूपाल. विश्रामबागेत त्यांचं घर. दाजी माधवनगरच्या एका कापड गिरणीत जॉबर होते. मागावर काही अडलं की कामगार ज्याला हाक मारतात तो माणूस. गिरणी बंद पडली, पुढे ते एका यंत्रमाग कारखान्यावर देखरेखीला होते, मग तेही सुटलं. पण गिरणीने त्यांना दोन गोष्टी कायमच्या दिल्या होत्या. एक म्हणजे कान. दाराची बेल त्यांना ऐकू येत नसे, फोनवर ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलत, पण मशीनमधला बारीकसा बिघाड मात्र भिंतीपलीकडून ओळखत. दुसरी म्हणजे उष्म्याची चीड. सूत तुटू नये म्हणून मागाच्या खात्यात हवा दमट ठेवतात. त्या दमट उकाड्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या या माणसाला पुढे आयुष्यभर उकडतच राहिलं. ऐन थंडीतही ते पंख्याखाली बसत. मी पडलो थंडीचा भित्रा. मला डिसेंबरातच काय, ऑगस्टमध्येही पंखा सोसत नाही. त्यामुळे दाजींनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी माझं नाव मफलर ठेवलं आणि शेवटपर्यंत तेच चालवलं. "काय मफलर, बरं हाय का?" हा त्यांचा आमच्या दारातला पहिला प्रश्न. मी पाटबंधारे खात्यात साहेब झालो तेव्हा माझ्या ऑफिसात, शिपायासमोरसुद्धा त्यांनी हाच प्रश्न विचारला होता.

अक्काचं दाजींच्या बरोबर उलट होतं. तिला गार वारा लागला की हाताची बोटं आधी पांढरीफट्ट पडत, मग काळीनिळी होत, आणि मग असा ठणका लागे की तिला ताटातला घास उचलता येत नसे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गारठ्यापासून जपा, दुसरा इलाज नाही. आता अशा दोघांनी एका गाडीतून प्रवास कसा करायचा? त्यांच्या आधीच्या गाडीत एसी लावला की अक्काची बोटं जात आणि काचा उघडल्या की दाजींचा जीव जाई. वर धूळ होतीच. सुदर्शनने नवी गाडी घेतली आणि आपली जुनी वडिलांना दिली, तेव्हा हा तंटा मिटला. त्या गाडीत डाव्या-उजव्या बाजूंना दोन वेगळी गोल बटणं होती. निळ्याकडे फिरवलं की गार, तांबड्याकडे फिरवलं की ऊबदार, ज्याचं त्याने ठरवायचं. दाजी पहिल्यांदा ती गाडी घेऊन साताऱ्याला आले तेव्हा त्यांनी मला अंगणातच धरलं. "हे बघा मफलर, मी महाबळेश्वरात बसतो आन् तुमची बहीण बसती सांगलीत. मधी फकस्त गिअर!" निघताना दाजी चष्मा पुसून पट्टा लावेपर्यंत अक्का हात लांब करून आधी त्यांचं बटण पार निळ्यावर न्यायची, मग आपलं तांबड्यावर. तिने हे करायचं आणि त्यांनी 'हं' म्हणून गाडी सुरू करायची, असा त्यांचा रिवाजच पडून गेला.

मग एका उन्हाळ्यात अक्काच्या बाजूने टिकटिक ऐकू यायला लागली. समोरच्या कप्प्याच्या आतून, भिंतीत पाल चुकचुकावी तशी. बटण फिरवलं की टिकटिक, गाडी सुरू केली की टिकटिक. मला तो आवाज दाखवून दिल्यावर ऐकू आला. दाजी मात्र त्याने हैराण झाले. गॅरेजवाला म्हणाला, "काका, आत हवेची झडप फिरवायची एक डबी असती. तिचं दात गेलं असतील. अख्खा डॅशबोर्ड उतरवाय लागंल. आवाजच हाय न्हवं? चालू द्या की." दाजींनी चालू दिलं, आणि थोड्याच दिवसांत टिकटिक थांबली. थांबली ती झडप अडकूनच. अक्काच्या बाजूला आता बटण कुठेही न्या, बर्फासारखा वारा.

अक्काने मागच्या सीटवर शाल घेऊन बसून पाहिलं. पायांत मोजे, हातांत लोकरीचे हातमोजे, बाहेर मे महिना. पेठ नाक्याला गाडी थांबली की पोरं काचेतून बघायची. पुढच्या खेपेला तर कहरच झाला. आमच्याकडे छोटंसं कार्य होतं, आणि दोघं सांगलीहून एकाच वेळी निघाली, अक्का एसटीने आणि दाजी गाडीने. कराडला एसटी थांबली तिथे यांनीही गाडी थांबवली, चहाचा कप घेऊन एसटीच्या खिडकीखाली गेले आणि वर हात केला. अख्खी एसटी बघत होती. अक्का मला सांगताना हसली नाही. "बाळू, शरमेनं मेले बघ. ह्या वयात वेगळं झालो काय असं वाटलं असंल लोकास्नी," ती म्हणाली आणि चपात्या लाटत राहिली. मग जरा वेळाने म्हणाली, "आता मी काय परत यायची न्हाई. तूच येत जा सांगलीला." मला त्याचं वाईट वाटलं. आई-वडील गेल्यावर माझं माहेर म्हणा, तिचं म्हणा, आम्ही दोघंच उरलो होतो. पण दाजी पलीकडच्या खोलीत होते आणि त्यांना ते ऐकू गेलं होतं. ज्यांना बेल ऐकू येत नाही त्यांना ते कसं ऐकू गेलं, कोण जाणे.

सांगलीला परतल्यावर त्यांनी ती डबी स्वतः बदलायची ठरवली. मोबाइलवर कुठलासा परदेशी माणूस हे काम करताना दाखवत होता. त्याची भाषा घरात कुणालाच येत नव्हती, पण दाजी आवाज पूर्ण मोठा करून ते बघत. डबीचं नाव ॲक्च्युएटर आहे हे त्यांना सुदर्शनने सांगितलं. "नाव काय बी असू दे, मोटर हाय, चाकं हायत, हलवायची काडी हाय. मागापेक्षा काय अवघड हाय ह्यात?" असं म्हणून त्यांनी नवी डबी पुण्याहून मागवली. मी चार दिवसांसाठी सांगलीला गेलो होतो, म्हणून टॉर्च धरायचं काम माझ्याकडे आलं. दाजींनी समोरचा कप्पा उतरवला, आत डोकं घातलं आणि तितक्याच वेगाने बाहेर काढलं. मला वाटलं, विजेचा झटका बसला. ते हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या मानाने हळू आवाजात म्हणाले, "टॉर्च बंद करा. मुंग्या हायत. अंडी घिऊन बसल्यात."

पावसाचे दिवस होते आणि त्यात चातुर्मास. आम्ही जैन, मुंगी मारायची नाही हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. पण शिकवलेलं आणि पाळलेलं यांत माणसागणिक फरक पडतो. मी सुचवलं, फुंकर घालून बघू, फडक्याने अलगद सरकवू. "अंडी कशी सरकवणार? तुमाला कुणी असं फडक्यानं सरकवलं तर?" असं म्हणून त्यांनी कप्पा उघडाच ठेवला, गाडीचं दार जरासं किलकिलं केलं आणि पंक्तीला बोलावल्यासारखं मुंग्यांना बाहेर यायला चिमूटभर साखर पायरीजवळ ठेवली. मुंग्या साखर खाऊन परत आत जात होत्या. अक्का दारातून बघत म्हणाली, "आवं, तुमी त्यास्नी पोसताय का घालवताय?" मुंग्या आपल्या मर्जीने जाईपर्यंत गाडी काढायची नाही असं ठरलं. तेवढ्यात आमच्या एका चुलतभावाच्या नातीचं बारसं साताऱ्यात निघालं, आणि दाजी एसटीने आले, अक्काच्या शेजारी बसून. स्टँडवर उतरले तेव्हा त्यांचा सदरा पिळून काढावा असा भिजला होता. अक्काच्या हातात गजरा होता, कराडला त्यांनी उतरून घेतलेला. मला ती इतकी खूश बऱ्याच वर्षांत दिसली नव्हती. मी दाजींना म्हटलं, मुंग्यांचे उपकार माना. ते म्हणाले, "माझं हाल झालं ते बघा की वो मफलर!"

मुंग्या गेल्या. मीही पुन्हा सांगलीला गेलो. टॉर्चवाला बदललेला त्यांना चालणार नव्हता. दुपारभर दाजी सीटसमोर खाली पाठ टेकून, कप्प्याच्या आत डोकं घालून पडून होते. जुनी डबी निघाली. तिच्या चाकाचा एक दाता तुटला होता आणि ती त्याच जागी पुन्हा पुन्हा घसरून टिकटिकत होती. नवी बसली. पण तिच्यापासून झडपेच्या पट्टीपर्यंत जाणारी प्लास्टिकची काडी ओढताना मोडली. ती काही पुण्याहून आली नव्हती. दाजी उठले, जुन्या सायकलच्या चाकातला एक स्पोक कापून आणला आणि वाकवून वाकवून तसलीच काडी केली. ती अगदी नेमकी झाली. तोवर ऊन भिंतीवर चढलं होतं. दाजी दिवस मावळल्यावर अन्नाला शिवत नसत. गिरणीत दुसऱ्या पाळीला असतानाही त्यांनी हा नेम मोडला नव्हता. आतून अक्काची हाक आली, "आवं, दिवस बुडाय लागला, हात धुवा!" दाजी म्हणाले, "आलो, येवढं अडकवतो." झडपेच्या पट्टीला दोन्ही टोकांना भोकं होती. मी टॉर्च धरला होता, काडी भोकात गेलेली मी पाहिली. दुसरी हाक आली. आम्ही हात धुतले आणि ऊन जायच्या आत जेवायला बसलो.

सकाळी गाडी सुरू केली. टिकटिक नाही. अक्काने बटण तांबड्यावर नेलं, आणि गार वारा आला. दाजींचा चेहरा पडला. मी गंमत म्हणून बटण निळ्याकडे फिरवलं, तर जाळीतून छान ऊब यायला लागली. काडी पट्टीच्या भलत्या टोकाला अडकली होती. मला वाटलं, आता पुन्हा पाठीवर झोपणं आलं. दाजींनी थोडा वेळ बटण इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवून पाहिलं आणि जाहीर केलं, "चालतंय की! आवाज हाय? न्हाई. ऊब येतीया? येतीया. मग? चालत्या मागाला हात लावायचा न्हाई." गिरणीतला हा त्यांचा कायदा होता. अक्का म्हणाली, "माझ्या ध्यानात ऱ्हाईल. निळं ते गरम." झालं. तेव्हापासून गाडीत कुणी नवीन बसलं की दाजी मोठ्याने सांगायचे, "तेवढ्या बाजूला सगळं उलटं हाय, बसणारीवर गेलंय." अक्का खिडकीबाहेर बघायची. निघताना तिचा हात आता दोन्ही बटणं निळ्यावर न्यायचा. एकातून महाबळेश्वर यायचं, एकातून सांगली. मग ती दोघं दर महिन्याला येत राहिली, आणि 'आता परत यायची नाही' हे बोलणं कुणीच पुन्हा काढलं नाही.

दाजींचं रक्षाविसर्जन झालं, पाहुणे पांगले. सुदर्शनने रजा वाढवली आणि आईची सगळी कामं मार्गी लावली. नळाची गळती, गॅसची नळी, दाराची बेल. गाडीही सर्व्हिसिंगला दिली. गुणी मुलगा आहे, कुठेही बोट ठेवायला जागा नाही. अक्का या सगळ्या दिवसांत कुणासमोर रडली नाही. येणाऱ्याला पाणी देत होती, चपला ओळीत लावत होती. मला वाटलं, झेललंय तिने. माणसाला तसं वाटलेलं बरं असतं. काही दिवसांसाठी तिला साताऱ्याला आणायचं ठरलं, आणि मी गाडी घेऊन निघालो. तिने पट्टा लावला, आपलं बटण निळ्यावर नेलं आणि हात मांडीवर ठेवून बाहेर बघत बसली.

पेठ नाका ओलांडल्यावर माझं लक्ष गेलं. तिची बोटं पांढरी पडली होती. जाळीतून थेट हातावर गार वारा येत होता आणि तिने हात हलवले नव्हते. मी घाईने गाडी कडेला घेतली, बटण फिरवलं, तिचे हात माझ्या मफलरात गुंडाळले. "अगं, सांगायचं नाही का?" ती म्हणाली, "मला वाटलं, येईल ऊब आता. जरा वेळ लागत असंल." मग मला उमगलं. सर्व्हिसिंगमध्ये कुणीतरी ती स्पोकची काडी काढून, नवी घालून, सगळं नीट केलं होतं. निळं ते गार, तांबडं ते गरम. मी तिला तसं सांगितलं. ती बटणाकडे बघत राहिली. "सरळ कशाला केलं त्यानं?" एवढं म्हणाली, आणि रडायला लागली... इतक्या दिवसांचं सगळं, हायवेच्या कडेला, शेजारून उसाचे ट्रॅक्टर जात असताना. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसलो. मलाही रडू आलं, ते मी फारसं लपवलं नाही. बऱ्याच वेळाने डोळे पुसून ती म्हणाली, "बाळू, ते परत उलटं करता येतंय का रं?"

मी आयुष्यात पंक्चरसुद्धा काढलेलं नाही. पण टॉर्च धरलेला होता आणि काडी कुठल्या भोकात गेली होती ते मी पाहिलं होतं. साताऱ्यात दुसऱ्या दिवशी दुपारी मी कप्पा उतरवला, आधी मुंग्या आहेत का ते पाहिलं, आणि पाठीवर झोपलो. दोन स्क्रू हरवले, एक सापडला. कोपराला खरचटलं. काडी या टोकातून काढून त्या टोकाला अडकवणं, एवढंसं काम, पण उलटं दिसतं, हात पोहोचत नाही, आणि ज्या माणसाला आपण इतकी वर्षं हसलो तो इथे असाच पडून होता हे आठवत राहतं. ऊन कलत गेलं. आतून अक्काची हाक आली, "बाळू, दिवस बुडाय लागला, हात धू!" मी म्हटलं, "आलो, एवढं अडकवतो." मला दिवस मावळण्याचं काही नसतं, मी केव्हाही जेवतो. त्या दिवशी मात्र घाईघाईने काडी अडकवली आणि हात धुतले.

आठवड्याने तिला परत सोडायला निघालो. पहाटेचा गारठा होता, मी स्वेटर घालून, मफलर गुंडाळून बसलो होतो. मी चष्मा पुसून पट्टा लावेपर्यंत अक्काने हात लांब केला. आधी माझं बटण पार निळ्यावर नेलं, मग आपलं निळ्यावर. तिच्या जाळीतून ऊब यायला लागली. तिने दोन्ही पंजे त्यापुढे धरले, उलटेपालटे केले आणि मागे टेकून डोळे मिटले. माझ्या बाजूने महाबळेश्वराचा वारा थेट छातीवर येत होता. उंब्रजला नाक वाहायला लागलं. बटण माझ्या हाताशीच होतं. मी 'हं' म्हटलं आणि कराडपर्यंत तसाच गाडी चालवत राहिलो.